कोळीण

आमचं बेट आजोबांच्या आजोबांनी रचलं,
पोवळ्याच्या दगडांवर दगड, लाऊच्या खाजणात.
त्यावर झाडं तीनच, आणि ती इथे येत नाही.
म्हणून पहाटे वल्ही मारत मोठ्या किनाऱ्याला.

मामा इरोमेआच्या हातात लांब काठी, टोकाला दुबेळकं.
माझ्या खिशात होनिआराहून उरलेली
मोबाइलची दोन कार्डं, भिजलेली.

ती दोन सुपारींच्या मधोमध,
पाय पसरले तर तळहात भरेल एवढी.
जाळ्यावर ऊन आलं की हळदीचं बोट फिरल्यासारखं.
नवरा वरच्या कोपऱ्यात, तांदळाची कणी,
तिच्या ताटातलं उष्टं टिपत.

काठी फिरते, चाक मिटतं.
अशी वीस जाळी, तीस,
तेव्हा कुठे अंगठ्याएवढी एक लड होते,
मळकट, चिवट,
हाताला लागली की हात आपला राहत नाही.

"वरची दोरी सोड रे. तेवढ्यावर ती पुन्हा मांडते."
कुणी सांगितलं?
"माझ्या आईने."
मग लाल दात दाखवत, "ती खोटंही बोलायची."

वावडी साबुताडाच्या पानाची, काड्यांनी शिवलेली.
ती वर, होडी खाली,
आणि खूप मागे लाटेवर टपटप उडत जाणारी लड.
चोचीचा मासा तिला चावतो.
गळ नाही, टोचत काहीच नाही.
त्याला नुसतं तोंड उघडता येत नाही,
इतके बारीक दात, आणि दातादातात ती.

हे मी सांगतोय ते चांगल्या दिवसाचं.
आज दुपारी वारा पडला.
वावडी पाण्यात बसली, पानाचा लगदा झाला.
मामा बराच वेळ आभाळाकडे बघत राहिला
आणि मग शेंगदाणे खाल्ले.

परतताना पाणी भरायला पुन्हा त्याच काठाला.
सुपारींच्या मधे अर्धं जाळं उभं,
खालचा भाग अजून मोकळा.
मी सवयीने काठी उचलली.

मामा मात्र थांबला,
शेजारच्या होडीला हाक घालावी तसा:
"काय गं, लागलं काही?"

तिने उत्तर दिलं नाही.
एक हिरवा भुंगा होता तिच्याकडे.
त्याला मागच्या पायांनी फिरवत, गुंडाळत,
पुन्हा फिरवत.

मी काठी होडीत ठेवली.