सुटायची वेळ

जुळे सोलापूरच्या त्या फाटकाशी
बिराजदारांची सून म्हणते,
शाळा सोन्यासारखी आहे हो.
तिची रेवा झोपेतसुद्धा पोएम म्हणते.

आमच्या श्रीनूच्या डायरीत
तीन महिने एकच ओळ :
मूल बोलत नाही.
घरी तर मागाच्या वर आवाज चढवून
तेलुगूत भांडतो,
हे मी मॅडमना सांगितलं.
त्या छान हसल्या.

फी दोघींचीही तेवढीच.
माझी टॉवेलांच्या डझनांत मोजलेली.

काल कांड्या ओळीत मांडून
तो शाळा शाळा खेळत होता.
एक कांडी तेवढी कोपऱ्यात,
भिंतीकडे तोंड करून.
कांडीला कुठलं तोंड, पण कळत होतं.

हिला काय झालं रे?
"तिला येतं सगळं,"
म्हणाला,
मॅडमच्या मराठीत.