एकशे बारा भोकं

अठ्ठावीस बाकांचे नट सोडवले तेव्हा
बसच्या तळाला एकशे बारा भोकं राहिली.
डेझमंडनं ती वाइनच्या बुचांनी बुजवली.
त्यासाठी दोन हिवाळे
आम्ही मनापासून प्यायलो.

आता डेझमंड नाही. बुचं आहेत.
थंडीत आकसतात,
आणि हास्टच्या खिंडीत चढण लागली की
खालून बारीक शीळ येते.
दुसरा गिअर, शीळ.
पहिला टाकला, की जास्तच.

दवाखान्याच्या फॉर्मवर, पत्त्याच्या चौकटीत,
मी गाडीचा नंबर लिहिते.
खिडकीशी नवी मुलगी असेल तर कागद परत येतो,
जुनी असेल तर नुसती हसते.

परवा ओकारिटोला, खाजणाच्या काठी,
चिलटांच्या भीतीनं सगळं लावून बसले होते.
दारावर टकटक.
दुधाच्या टँकरवरचा माणूस, पन्नाशीचा, नाव राविरी.
म्हणाला, चाकाच्या कमानीशी तुमचा निळा उडालाय,
खालचा हिरवा दिसला.
ही आमच्या शाळेची गाडी.

बूट पायरीवर काढून आत आला,
मोजत मोजत चौथ्या बाकाशी थांबला.
तिथं माझं सिंक आहे.
"इथं मी आणि माझी बहीण.
खिडकीकडे ती. नेहमी तीच."
मग चौकटीवर वाकून
नखानं रंग खरवडायला लागला.
माझ्या हातचे तीन कोट.
मी थांबवलं नाही.
खाली काहीच निघालं नाही.
"पाचवा असेल," म्हणाला.
पाचव्या बाकाच्या जागी शेगडी.

चहा घेतला. बहिणीचं तो पुढे बोलला नाही,
डेझमंडचं मी काढलं नाही.
डिझेलच्या भावावर मात्र
आमचं अगदी एकमत झालं.

उतरताना त्याचा हात आपसूक वर गेला,
छताखालच्या दोरीला,
जिच्यावर मी पायमोजे वाळत घालते,
आणि घंटा वाजली.

इतकी वर्षं मला वाटायचं, ती मेलीय.
डेझमंडनं तार जोडून ठेवली होती,
सांगितलं नव्हतं.

गाडी उभी, इंजिन गार,
आणि माझा उजवा पाय
नसलेला ब्रेक शोधत खाली दाबला गेला,
नेमका एका बुचावर.
बूच गेलं खाली, गवतात.

रात्रभर तेवढ्या भोकातून
खाजणाचा वास येत राहिला.
आता एक बाटली आणायला हवी.
एकटीनं संपवायची, म्हणजे
महिना तरी जाईल.