दोन अर्शिन धरून

त्या हिवाळ्यात मकार्येवच्या कचेरीत
माझं काम एवढंच : जुन्या वह्या नव्या मापात उतरवणं.
वेर्स्ट आले की किलोमीटर करायचे,
अर्शिन आला की ७१.१२ सेंटिमीटर,
आणि वेर्शोक, तर्जनीच्या वरच्या पेरावरून पडलेलं माप,
त्याला ४.४४५ ने गुणायचं.
तक्ता भिंतीवर होता. शाई गोठायची,
दौत काखेत धरून बसायचो.
एकोणीस वर्षांचा होतो, तक्त्यावर माझा पुरता विश्वास.

ग्लाफिरा र्याबोवा आली ती गोठल्या नदीवरून चालत.
किती चाललीस, विचारलं तर म्हणाली,
"एक लांब वेर्स्ट आणि एक आखूड."
हे तक्त्यात नव्हतं.

नवरा चौदा सालच्या भरतीत गेला तो गेलाच.
मदतीच्या अर्जात रकाना होता :
मृताची उंची, सेंटिमीटरमध्ये.
मी भरतीची वही काढली. नाझार र्याबोव. डोळे करडे.
डाव्या कानाची पाळी फाटकी. उंची : सहा वेर्शोक.
गुणाकार केला, अपूर्णांक झटकला, वाचून दाखवलं :
सत्तावीस.

"म्हणजे केवढा?"
मी पट्टी टेबलावर ठेवली.
तिने हातमोजा काढला, पट्टीवर वीत टाकली,
वीत संपली तिथे दुसऱ्या हाताची दोन बोटं लावली.
"एवढा?"
बराच वेळ आपल्याच पंजाकडे बघत राहिली.
"एवढा असता तर एप्रनच्या खिशात लपवला असता, रे,
शिपाई दारात आले तेव्हा."

शेगडीपाशी पेंगणारा म्हातारा नकलनवीस येर्मोलाइच
डोळे न उघडता बोलला :
"दोन अर्शिन धरून चालायचं, गाढवा.
ते कोणी लिहीत नसे.
दोन अर्शिन काय, प्रत्येकाचे असतातच.
वहीत यायची ती वरची बोटं."

कानाच्या पाळ्या तापल्या. बेरीज केली.
१४२.२४ आणि २६.६७.
एकशे अडुसष्ट, वर एक्क्याण्णव शतांश.
नियमाप्रमाणे एकशे एकोणसत्तर.
कमी पडलेले नऊ शतांश सरकारने पदरचे घातले.
तोवर नाझारला सरकारकडून मिळालेलं
तेवढंच.

ग्लाफिराने सहीच्या जागी फुली काढली,
मग खोडलेला कागद मागितला, सत्तावीसवाला.
तो रद्द आहे, मी म्हटलं, चुकलेला आहे.
"दोन अर्शिनवाले माझ्या दारावरून रोज जातात," ती म्हणाली.
"वरचं तेवढं त्याचं होतं."
घडी एप्रनच्या खिशात गेली.
नोंदवहीत मी एक कागद उंदरांच्या नावे टाकला.

खिडकीतून बघितलं. बर्फावर ती बारीक होत गेली,
आधी वीतभर, मग बोटभर,
मग पेराएवढी.
पट्टी अजून माझ्या हातात होती.

संध्याकाळी दिवा मालवण्याआधी
तक्त्याच्या तळाशी पेन्सिलीने लिहून ठेवलं :
माणूस असल्यास
१४२.२४ मिळवावेत.