ऑफ

ग्रिम्सबीच्या इस्पितळात, धुलाईघरात,
डोरीनबाई माझ्याशी हळू आवाजात बोलल्या.
चादरी, मोजणी, मागचा गुरुवार.
मधे दोनदा 'लव्ह' म्हणाल्या.
मी 'थँक यू' म्हटलं.

चहाच्या वेळी ब्रोन्या हसली:
'शी टोल्ड यू ऑफ!'
टोल्ड म्हणजे सांगितलं, ते ठाऊक होतं.
ऑफ म्हणजे दिवा.
सांगून विझवलं?
टिक्ड ऑफ म्हण हवं तर, ती म्हणाली.
हे मात्र लगेच कळलं,
हजेरी आमच्याकडेही घेतात.

पण आमच्याकडे भांडी हादरतात,
शेजारीण खिडकीत येते.
वच्छीमावशीने माझी एकदा बिनपाण्याने केली,
आठ दिवस गाल झोंबत होते.

इथली बोलणी पोस्टाने येतात.
साडेसहाच्या बसमध्ये, वरच्या मजल्यावर,
माझे कान तापले.
तोवर डोरीनबाई घरी,
बुटांचे बंद सोडत असतील.

स्टॉपवर एक सीगल
कुणाचे तरी चिप्स ओढत होता, पुडक्यासकट.
'मेल्या, लाज नाही वाटत?'
मी ओरडले. पुढचंही बरंच बोलले,
गुरुवारसकट.

त्याने चोच उघडली, चिप्स टाकले.
एक शब्द विचारावा लागला नाही त्याला.