दोन बादल्या

थांब, टेरेल. तो स्पंज खाली ठेव.
भांड्यांचा आहे तो,
त्याच्या पोटात कालचं करपलेलं बसलंय
आणि ही गाडी नऊ दिवसांची.

आधी सावली येऊ दे.
ऊन वोइचिकांच्या छपरामागे गेल्याशिवाय
हॅमट्रॅम्कमध्ये काळ्या पत्र्याला हात लावत नाहीत.
तापलेल्यावर पाणी वाळतं
आणि उधारी मागे ठेवून निघून जातं.

आता नुसतं पाणी. वरून खाली.
धूळ आपल्या पायांनी उतरेल.
तिला ढकललंस, की ती लिहायला लागते.

दोन बादल्या: एक साबणाची, एक कबुलीची.
लोकरी मोजा दर खेपेला आधी हिच्यात बुडव,
तळाच्या जाळीवर घास, सगळं कबूल करव,
मगच तिच्यात.
सरळ रेघेत. गोल नाही!
गोल फिरवणारे हात मी ओळखते,
रविवारी चर्चच्या दिव्याखाली
त्यांच्या बॉनेटवर कोळ्यांचे संसार दिसतात.

"गाडीच तर आहे, ग्रॅनी."

गाडीच आहे.
एकतीस वर्षं मी पेंट शॉपच्या उजेडात उभी होते,
मिनिटाला एक गाडी.
केसांना स्प्रे नाही, काखेला अत्तर नाही,
हातांना लोशन तर नाहीच.
त्यातला एक कण उडाला
की ओल्या रंगाला माशाचे डोळे फुटायचे.
जानेवारीत माझी बोटं अशी फुटायची
की तुझ्या आईला जवळ घेतलं
तर तिच्या स्वेटरचे धागे अडकून यायचे.

पांढरी गाडी सांभाळून घेते.
चंदेरी तर जन्माची थापाडी.
काळी आली की आमच्या रांगेतली बडबड थांबायची.
काळी सगळं दाखवते,
स्वतःचं आणि बघणाऱ्याचंही.

ही चकाकी किती जाड असते, ठाऊक आहे?
तुझ्या वहीच्या पानाच्या निम्मी.
पॉलिश म्हणजे भर घालणं नव्हे, बाळा,
ओरखडा दिसेनासा होईपर्यंत
त्याच्या भोवतीचं सगळं थोडं थोडं कमी करणं.
म्हणून आधी ओरखडाच नको.

टॉवेलचं लेबल कापलंस? काप.
शिवणीलाही नखं असतात.
पसर, आणि नुसता ओढ. दाबू नकोस.
आता बॅटरी आण. तिरकी धर.
इथे, मागच्या दाराशी, मुठीच्या खाली.

नाही, नखाने नको.
ओरखडा नाही तो. आत आहे.
धागा. पापणीच्या केसाएवढा,
रंगाच्या वर, चकाकीच्या खाली.
बाहीचा असेल कुणाच्या.

कुणाला दिसला नाही.
किंवा दिसला,
आणि पहाटेचे पावणेपाच झाले होते,
आणि हात खडूपर्यंत गेला नाही.

मीही सोडला होता एक.
तुझ्या आईला एकशे तीन ताप होता त्या रात्री,
आणि पाळी संपेपर्यंत फोनपाशी जायची सोय नव्हती.
उजवं पुढचं दार. पिवळ्या खडूने गोल करायचा
तर मी त्या गाडीला जाऊ दिलं.
मग कितीतरी वर्षं दुकानांसमोर, दवाखान्यांसमोर
काळी गाडी उभी दिसली की
मी वाकून तिचं उजवं दार बघायची.
एकदा एका माणसाने पोलिस बोलावले.

हसू नकोस. बरं, हस.

काढता येतो ना? येतो.
दोन हजार नंबरचा कागद, पाण्याचे चार थेंब,
अर्ध्या तासाचं काम, माझ्या हातात अजून आहे ते.

वॅक्स दे इकडे. वाटाण्याएवढं पुरे.
दाराच्या या भागात पातळच लाव, हलक्या हाताने,
झोपलेल्याच्या अंगावर पांघरूण घालतात तसं.

आणि ती दुसरी बादली ओतून ये.
सगळी नाही रे एकदम,
आधी तळ बघ.
नऊ दिवसांत एवढं.