हवा वर राहते

वादी कबीर, सातवी गल्ली. सकाळचे साडेसहा,
आणि शटरला हात लावला तर आत्ताच चटका.
हमूद चाचांची मर्सिडीज, एकोणसत्तरची, ताकाच्या रंगाची,
बोनेटवर डोंगराची मऊ धूळ घेऊन उभी.
"उस्ताद," चाचा म्हणाले, "पाय ठेवला की आत जातो,
उशीवर ठेवावा तसा.
अमरातच्या उतारावर तीनदा मारला, तेव्हा कुठे धरला."
एवढं बोलून चावी ठेवली,
खजुराची पिशवी ठेवली आणि गेले.
रागावले असते तर बरं झालं असतं.

आधी मी नुसताच आत बसलो.
इंजिन बंद, पाय पेडलवर.
पहिल्या दाबाला मऊ, दुसऱ्याला जरा वर, तिसऱ्याला कडक.
मग तसाच दाबून धरला आणि शंभर मोजले.
खाली सरकलं नाही. म्हणजे मास्टर सिलिंडर शाबूत.
गडहिंग्लजला सातप्पा मिस्त्री म्हणायचे,
पान्याला हात घालायच्या आधी पायाला विचार.

पायाला विचारलं. पाय म्हणाला, हवा आहे.

तेल बघितलं. नितळ.
इथल्या दमट हवेत तेल पाणी पितं, काळवंडतं,
पण हे मीच भरलेलं, दोन महिन्यांपूर्वी,
पुढचे कॅलिपर खोलून नवे रबर घातले तेव्हा.
गळती कुठेच नाही. चारी चाकांमागे बोट फिरवलं,
बोट कोरडं.
पुढचे दोन्ही होज क्लॅम्पने आवळले
आणि पेडल दगड झालं.

दुखणं पुढेच होतं.

मिजान पेडलवर, मी खाली.
मिजान नोआखालीचा. त्याला मराठीचे दोनच शब्द येतात,
दाब आणि धर.
तिसरा मी कधी शिकवलाच नाही,
निपल बंद केला की चेसिसवर पाना वाजवतो.
दाब. धर. टण्‌.
दाब. धर. टण्‌.
नळीतून तेल येतंय, बाटली भरतेय,
एक बुडबुडा नाही.
अर्धा लिटर वाया घालवलं
आणि पेडल होतं तसंच, शिळ्या भाकरीवर दूध ओतल्यासारखं.

अकरा वाजले. पत्रा तापून कडकड बोलायला लागला.
मिजान म्हणाला, चहा?
मी उठलो नाही. तसाच पाठीवर पडून
चाकाच्या पोकळीत बघत राहिलो.
माझ्या कपाळाजवळ, हातभर अंतरावर, निपल.

कपाळाजवळ?

निपल वर हवा.
हवा वर राहते, हे पोराटोरांना ठाऊक,
आणि मी तिचं दार तळाला ठेवलं होतं.
डावा कॅलिपर उजवीकडे, उजवा डावीकडे,
लहान पोरानं चपला घालाव्यात तसे.
दोन्ही हातात घेतले तर सख्खे जुळे.
रमजानची रात्र होती, वीज गेलेली,
मोबाइलचा उजेड दातात धरून बसवले होते.
हवा बिचारी दोन महिने वरच्या कोपऱ्यात बसून,
आणि मी खालून तेल काढतोय.

एक तास लागला. बदलले, आवळले.
दाब. धर.
नळीत बुडबुड्यांची माळ निघाली,
मोठे, मग मोहरीएवढे, मग काहीच नाही.
टण्‌.
मिजानचा पाय मध्येच थांबला. त्यानं वाकून माझ्याकडे बघितलं.

चाचांना फोन लावला. चूक माझी, म्हणालो. पैसे नाहीत.
पलीकडे बराच वेळ काही नाही.
"म्हणजे दोन महिने मी असाच फिरलो?"
"हो."
"नातवंडांना घेऊन?"
मी हो म्हणालो की नाही, आठवत नाही.
मग ते म्हणाले, "संध्याकाळी येतो. तू शेजारी बस,
आपण अमरातला जाऊ. उतरताना मी चालवीन."

चाकं चढवायच्या आधी छिन्नी घेतली
आणि बिडाच्या पाठीवर ठोकलं,
एकावर डा, एकावर उ.
पुढे कधी, कुठे, कोण उघडेल ती गाडी,
त्याला वाटेल कारखान्याचा शिक्का असेल.