वाढीव पट्टी

शिरोलीत पॅटर्न शॉपला मला बत्तीस वर्षं झाली.
माझ्याकडची पट्टी बाजारात चालायची नाही.
तिच्यावरचा सेंटिमीटर केसभर मोठा आहे,
कारण ओतलेलं लोखंड गार होताना आकसतं,
तेवढं सागवानात आधीच वाढवून ठेवावं लागतं.
हे आधी बोटं शिकली, मग मी.

बँकॉकच्या दवाखान्याचं कोटेशन आलं
तेव्हा त्यावर नाव होतं निशिगंधा.
मला वाटलं, दुसऱ्या कुणाचं आलं.

तीन लाख ऐंशी हजार बाट.
शालन म्हणाली, बाट म्हंजे किती ओ?
कॅलेंडरच्या पाठीमागं, दुधाच्या हिशेबाखाली,
मी दोन रुपये पंचेचाळीस पैशांनी गुणलं.
नऊ लाख एकतीस हजार.
मग दोन तिकिटं, सव्वीस रात्रींची खोली, औषधं.
विम्याचं पोरगं फोनवर म्हणालं, हे बसत नाही काका.
हसलं नाही, एवढंच.
लोखंडाला शंभराला एक धरतात.
मी शंभराला दहा धरले.

आमच्या गावात पोरीही म्हणतात, मी येतो, मी जातो.
माझी बहीण पन्नाशीची झाली, अजून म्हणते, मी जेवलो.
तिची पुण्याची सून पदर लावून हसते.
त्यामुळं आमच्या घरात वीस वर्षं
कुणाला काही वेगळं ऐकूच आलं नाही.
मग एका सकाळी चप्पल घालता घालता
दारातनं आवाज आला: मी जाते.
शालनचं लाटणं थांबलं.

तेवढं एक अक्षर
कास्टिंगच्या कडेला राहिलेल्या धारेसारखं
मला वर्षभर लागत राहिलं.
मी कानस लावून पाहिली.
बोलून. न बोलून.
एकदा हात उचलून.
त्याचा खर्च कुठल्याच कोटेशनात नाही.

शालननं भिशीचा पहिला नंबर मागून घेतला.
गुजरीत पाटल्या मोडल्या.
सोनार म्हणाला, पोराचं लगीन काढलं व्हय?
ती म्हणाली, पोरीचं.
जरा थांबून म्हणाली, लगीन न्हवं.
मगदूम साहेबांनी दोन लाख उचल दिली,
कशाचं ऑपरेशन, विचारलं.
मी म्हटलं, आतलं.

बँकेच्या फॉर्मवर रकाना होता,
रक्कम परदेशी पाठवण्याचं कारण.
मी लिहिलं, मुलीचा उपचार.
पासपोर्टवर अजून जुनंच नाव.
क्लार्कनं पासपोर्ट बघितला, तिला बघितलं, मला बघितलं,
आणि शिक्का शोधायला लागला.
लई वेळ शोधत होता.
शिक्का समोरच होता.

तिसरं तिकीट हिशेबात नव्हतं. मी राहिलो.
तिथं घड्याळ दीड तास पुढं.
इथं साडेआठचा भोंगा व्हायला
तिथं दहा वाजलेले, तिला आत घेतलेलं.
त्या दिवशी मी एका बेअरिंग हाऊसिंगचा पॅटर्न
दोनदा मापला, दोनदा वेगळा आला.
संध्याकाळी गंगावेशीत म्हैस पिळून
फेसाचा ग्लास हातात दिला त्यानं.
फेस बसला, दूध गार झालं,
शालनचा फोन आला: बाहेर आणली.
मग प्यायलो. उभ्यानंच.

चौथ्या दिवशी ती स्वतः बोलली.
आवाज लांबच्या नळातनं आल्यासारखा.
पप्पा, पैसे उरलेत काय?
म्हटलं, उरलेत.
सहा हजार तीनशे उरले होते.
दहातलं सगळं आकसून गेलं होतं, तेवढं सोडून.

मग बावीस तारखेला मी येतो, ती म्हणाली.

येतो.
बहिणीसारखं. गल्लीतल्या झाडून सगळ्या पोरींसारखं.
पलीकडं शालन कायतरी पुटपुटली, कळलं नाही.

मी म्हटलं, ये.
स्टँडवर मी येतो.